कुठल्या शहरात पाऊस जास्त वेळा पडतो?

न्यूयॉर्कमध्ये वर्षभरात लंडनच्या दुप्पट पाऊस पडतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची वार्षिक सरासरी 600 मिमीच्या थोडी वर आहे, तर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली 1250 मिमीच्या आसपास. तरी पावसाळी शहर म्हणून नाव निघतं ते लंडनचंच. हा समज अगदीच निराधार नाही. पाऊस किती पडला आणि किती वेळा पडला हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पर्जन्यमापक देतं. दुसऱ्याचं उत्तर देण्याआधी ‘पाऊस पडला’ असं कधी म्हणायचं ते ठरवावं लागतं, आणि त्यावर देशोदेशीच्या वेधशाळांचं एकमत नाही.

अमेरिकेत एका दिवसात इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे साधारण पाव मिमी पाणी जमलं की तो दिवस पावसाचा. ब्रिटनमध्ये दोन मोजपट्ट्या आहेत, एक 0.2 मिमीची आणि दुसरी 1 मिमीची. सरासरीच्या तक्त्यांत बहुतेक वेळा दुसरी वापरतात. भारतीय हवामान खातं 2.5 मिमीशिवाय दिवसाला ‘पावसाळी’ म्हणत नाही. म्हणजे अमेरिकी पट्टीच्या जवळजवळ दहापट! 1 मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तेव्हा दिवसभरात चौरस मीटरमागे दोन लिटर पाणी पडलं, रस्ते ओले झाले, लोकांनी छत्र्या उघडल्या, तरी मुंबईच्या हिशेबात तो दिवस कोरडाच राहतो.

आता तक्ते शेजारी ठेवून पाहा. न्यूयॉर्कमध्ये वर्षाला पावसाचे दिवस सुमारे 125, लंडनमध्ये सुमारे 110, मुंबईत 75 च्या आसपास, सिंगापूरमध्ये 171. क्रम लावायला किती सोपं! पण न्यूयॉर्कचा आकडा पाव मिमीपासून मोजलेला आहे, लंडनचा 1 मिमीपासून, मुंबईचा अडीचपासून आणि सिंगापूरचा 0.2 पासून. लंडनलाही पाव मिमीची पट्टी लावली, तर तिथले दिवस भराभर वाढतात आणि न्यूयॉर्क मागे पडतं. शहरांची तुलना करणाऱ्या कितीतरी याद्या ही तळटीप न वाचताच तयार होतात. त्यांत शहरांपेक्षा मोजपट्ट्यांचीच तुलना जास्त असते.

पट्टी बदलली की सगळ्या शहरांचे आकडे सारख्या प्रमाणात बदलत नाहीत, ही यातली खरी गंमत. काही शेकडो मीटर जाडीच्या, आडव्या पसरलेल्या ढगातून भुरभुर पडते. तिचे थेंब अर्ध्या मिमीपेक्षा लहान असतात आणि सेकंदाला दोन मीटरहूनही कमी वेगाने खाली तरंगत येतात. याउलट दहा-बारा किलोमीटर उंच चढलेल्या गडगडाटी ढगातले मोठे थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने आदळतात. ज्या शहराचा बराचसा पाऊस भुरभुरीचा आहे तिथे पट्टी जराशी उचलली तरी पावसाचे कितीतरी दिवस गळून जातात. धो-धो कोसळणाऱ्या शहराला त्याने फारसा फरक पडत नाही. पेरूची राजधानी लिमा हे याचं टोकाचं उदाहरण. शेजारच्या थंड सागरी प्रवाहामुळे तिथे हिवाळाभर ढगांचं दाट छत असतं. बारीक भुरभुरीने रस्ते ओलसर राहतात. पण वर्षाची बेरीज 25 मिमीसुद्धा होत नाही. लिमात पाऊस वारंवार पडतो की जवळपास पडतच नाही? दोन्ही उत्तरं बरोबर ठरू शकतात.

दुसऱ्या टोकाला मुंबई. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिमी पाऊस नोंदला गेला. लंडनच्या दीड वर्षाच्या पावसाइतका. पावसाळी दिवसांच्या मोजणीत मात्र तो दिवस एकच.

दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हाही प्रश्न आहेच. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ, ब्रिटनमध्ये नऊ ते नऊ, अमेरिकेच्या मोठ्या केंद्रांवर मध्यरात्र ते मध्यरात्र. पहाटे सुरू होऊन दहाला थांबलेली एकच झड एका देशात एक दिवस भरते आणि दुसऱ्या देशात दोन. त्यात यंत्राची लहर वेगळी. बऱ्याच स्वयंचलित पर्जन्यमापकांत एक चिमुकली पन्हळ असते, 0.2 मिमी पाणी साठलं की ती कलंडते आणि नोंद होते. काल रात्री तीत 0.15 मिमी साठून राहिलं आणि आज चार शिंतोडे आले, तर कालचा पाऊस आजच्या नावावर जमा.

दिवसाऐवजी तास मोजले तर चित्र आणखी पालटतं. समजा एका शहरात महिनाभर रोज दुपारी वीस मिनिटं सर येते. तक्त्यात तीसपैकी तीस दिवस पावसाचे, पण प्रत्यक्ष पाऊस 720 तासांपैकी फक्त 10 तास. मायामीच्या उन्हाळ्यातल्या दुपारच्या सरी बऱ्याचशा याच जातीच्या: समुद्रावरचा वारा आत शिरतो, तापलेली हवा वर चढते, ढग फुटतो आणि थोड्या वेळात पुन्हा ऊन. केविन ट्रेनबर्थ आणि योंगशिन झांग यांनी 2018 मध्ये उपग्रहांच्या तासातासाच्या नोंदींवरून हिशेब मांडला. दोन्ही गोलार्धांत 60 अक्षांशांपर्यंतच्या पट्ट्यात सरासरी फक्त 11 टक्के वेळ पाऊस पडत असतो, असं त्यांना आढळलं. उरलेले 89 टक्के कोरडे. शहराबद्दलचं आपलं मत मात्र बाहेर पडायच्या वेळी काय होतं त्यावरच बनतं.

वर्षभराची सरासरी हा तर माझ्या मते सगळ्यात फसवा आकडा. मुंबईचे 75 दिवस म्हणजे वर्षातले 20 टक्के. पण जुलैत बहुतेक रोज पाऊस आणि जानेवारीत जवळजवळ नाहीच. ‘20 टक्के’ हे तिथल्या कुठल्याच महिन्याचं नीट वर्णन करत नाही. लंडनचे 110 दिवस मात्र बाराही महिन्यांत बऱ्यापैकी सारखे वाटलेले असतात, त्यामुळे तिथे उघडीप किती टिकेल याची खात्री कधीच नसते. लंडनचं नाव पावसाळी झालं ते बहुधा यामुळेच. सिअ‍ॅटलचंही तसंच नाव आहे. तिथे पावसाचे दिवस दीडशेच्या वर, पण पाणी न्यूयॉर्कपेक्षा कमी, आणि जुलै-ऑगस्ट चक्क कोरडे.

शिवाय पावसाचे दिवस सुटे-सुटे येत नाहीत. के. आर. गॅब्रिएल आणि जे. न्यूमन यांनी तेल अवीवच्या हिवाळ्यातल्या नोंदी तपासून 1962 मध्ये एक साधं गणित मांडलं. काल पाऊस होता तर आज पडण्याची शक्यता 66 टक्के. काल कोरडं होतं तर फक्त 25. या दोन आकड्यांवरून पावसाची एक फेरी सरासरी तीन दिवस टिकते असं निघतं. तितकेच पावसाचे दिवस नाणेफेकीसारखे कसेही विखुरले असते, तर ती पावणेदोन दिवसांतच संपली असती. नॉर्वेतलं बर्गन हे अशा लांब झडींचं गाव. अटलांटिकवरून येणारी दमट हवा तिथल्या डोंगरांवर चढते आणि रिती होते. 29 ऑक्टोबर 2006 पासून 21 जानेवारी 2007 पर्यंत तिथे सलग 85 दिवस पाऊस पडला. तेवढेच 85 दिवस वर्षभर विखुरले असते, तर कुणी लक्षही दिलं नसतं.

आणि हे सगळं कुठल्या जागेवरून म्हणायचं? बऱ्याच शहरांचा आकडा विमानतळावरच्या एका मापकाचा असतो. नियमित नोंदी मिळणाऱ्या जगभरच्या सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी शेजारी मांडली, तर अर्धं फुटबॉल मैदानही भरत नाही, असा हिशेब 2017 मध्ये प्रसिद्ध झाला होता.

तापमानवाढीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, म्हणून पडतो तेव्हा पाऊस जोरात पडू शकतो. पण जगातला एकूण पाऊस त्या वेगाने वाढू शकत नाही. वाफेचं पाणी होताना वातावरणात सुटणारी उष्णता अवकाशात जाण्याला मर्यादा आहे, त्यामुळे एकूण वाढ अंशामागे दोन-तीन टक्क्यांचीच राहते. सरी जड झाल्या आणि बेरीज तेवढी वाढली नाही, तर कुठेतरी पावसाच्या वेळा कमी व्हाव्याच लागतात. अशा शहरात पावसाचे दिवस घटतील, आणि पूर येण्याची भीती मात्र वाढलेली असेल.