आई-बाबांचा कला-उपचार: पहिल्या बैठकीआधी घरच्यांसाठी

नागपुरात आम्ही ज्येष्ठांच्या घरी जाऊन कला-उपचाराच्या बैठका घेतो. हे पत्रक मुला-सुनांनी आणि लेकी-जावयांनी वाचायचे आहे. पहिल्या बैठकीनंतर "मला नाही जमत, नको" असे उत्तर आले, तर कारण बहुतेक वेळा टेबलावर सापडते. उजेड कमी पडतो, ब्रश बारीक असतो, कागद सरकतो, पाणी सांडते. दोष मात्र आई-बाबा आपल्या वयाला देतात आणि रंगांचा डबा कपाटात जातो.

हा चित्रकलेचा क्लास नाही

या कामाला 'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी दिले. क्षयरोगासाठी सॅनेटोरियममध्ये असताना चित्र काढण्याचा उपयोग त्यांना आधी स्वतःवर जाणवला. मग त्यांनी इतर रोग्यांच्या हाती कागद-रंग दिले.

अपेक्षा किती ठेवावी हे आधीच सांगतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभ्यासात ४५ मिनिटे कलाकाम केल्यावर ३९ पैकी सुमारे पाऊण लोकांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेले संप्रेरक, कमी झाले. चित्रकला येणारे आणि न येणारे यांत ठळक फरक दिसला नाही. मात्र ही माणसे १८ ते ५९ वयाची होती. त्या आकड्यावर पंचाहत्तरीच्या आजींना काही कबूल करणे आम्हाला पटत नाही. स्मृतिभ्रंश यामुळे मागे फिरत नाही आणि नैराश्याच्या गोळ्या यामुळे बंद होत नाहीत.

मग मिळते काय? आठवड्याला एक ठरलेली वेळ, हाताला काम, आणि तोंडाने न निघणारी गोष्ट बाहेर यायला एक वाट. शिवाय निवड. घरात भाजी कोणती, दवाखान्यात कधी जायचे, टीव्हीवर काय लावायचे, सगळे इतर ठरवतात. कागदावर निळा घ्यायचा की भगवा, हे आई-बाबा स्वतः ठरवतात. हीच जागा घरचे लोक नकळत काढून घेतात: "आई, झाड हिरवं असतं ना गं!"

टेबल आणि उजेड

साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. वयानुसार डोळ्याचे भिंग पिवळसर होते. त्यामुळे निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात, आणि पांढऱ्या कागदावर फिकट पिवळा दिसतच नाही. कोणी सारखा काळा किंवा गडद लाल उचलत असेल, तर "मन काळवंडले" असा अर्थ काढू नका. तोच रंग नीट दिसत असेल. एका चित्रावरून मनाचे निदान करणारा माणूस भेटला तर त्याच्यापासूनही जपा.

खिडकीशेजारची जागा निवडा. उजवा हात चालत असेल तर उजेड डावीकडून यावा. सोबत ९ ते १२ वॅटचा पांढऱ्या उजेडाचा एलईडी टेबल-दिवा ठेवा. चकचकीत सनमायकावर दिवा परावर्तित होऊन डोळ्यांवर येतो, म्हणून वर गडद, साधी चादर अंथरा. गडद कापडावर पांढऱ्या कागदाची कडही दिसते. टेबल २८ ते ३० इंच उंच असावे, खुर्चीला हात असावेत आणि पाय जमिनीला टेकावेत. पलंगावर मांडी घालून मांडीवर पाट ठेवला, तर पंधरा मिनिटांत पाठ धरते.

कागदाचे चारही कोपरे मास्किंग टेपने चिकटवा. सेलोटेप नको, काढताना कागद फाटतो.

हाताची पकड

सांधेदुखीत बारीक दांडी धरायला जास्त जोर लागतो आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. एसी बसवणाऱ्यांकडे तांब्याच्या पाइपवर चढवायचा काळा फोम मिळतो. त्याचा चार इंचांचा तुकडा ब्रशच्या दांडीवर सरकवा. सैल पडला तर आधी दांडीला टेप गुंडाळा. दुकानातल्या महागड्या 'ग्रिप'पेक्षा हे बरे चालते. गोल ब्रश १० किंवा १२ नंबरचा घ्या. २ नंबरचा ब्रश घरात असेल तर लपवा.

कंपवातात अक्षर बारीक होत जाते, तसेच चित्रही. तिथे ए३ कागद, जाड ऑइल पेस्टल आणि खांद्यापासून हलणारे मोठे फटकारे लागतात. पक्षाघातानंतर काहींचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, आणि फूल उजवीकडे अर्धेच निघते. "अर्धं राहिलं" असे सांगून उपयोग होत नाही. कागदाच्या डाव्या कडेला लाल टेपची पट्टी लावा आणि "लाल पट्टीपर्यंत या" एवढेच सांगा.

कात्री धरता येत असेल तर कागदकाम उत्तम. चित्रकार आंरी मातिस यांनी १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चाकाच्या खुर्चीत बसून रंगवलेले कागद कापले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतले मोठे काम तेच आहे. कात्री झेपत नसेल तर कागद हाताने फाडा. फाटलेली कड कापलेल्यापेक्षा देखणी दिसते, हे आमचे प्रांजळ मत.

काय आणावे, काय टाळावे

सुरुवातीला १२ रंगांचे जाड ऑइल पेस्टल, ए३ कागद (पेस्टलसाठी २०० जीएसएम, पाण्याच्या रंगांसाठी ३००), पोस्टर कलरच्या सहा बाटल्या, दोन ब्रश, अर्धा किलो शाडू आणि जुने मासिक पुरे. पंचवीस रंगांचा डबा समोर आला की निवडच होत नाही. स्मृतिभ्रंश असेल तर एका वेळी तीनच रंग ठेवा.

टर्पेंटाइन नको. दमा असेल तर रांगोळीची दगडी पूड नको, तांदळाचे पीठ घ्या. मधुमेहात बोटांना चिरा असतील तर शाडूआधी हातमोजे घाला. लहान मुलांची रंगवायची पुस्तके तर मुळीच नकोत. ज्यांनी घर चालवले त्यांच्यापुढे बदकाचे चित्र ठेवणे हा अपमान आहे, आणि तो त्यांना बरोबर कळतो.

ब्रश धुवायचे पाणी कपात, पेल्यात किंवा गडव्यात ठेवू नका. तपकिरी पाणी चहासारखे दिसते आणि स्मृतिभ्रंशातली व्यक्ती ते पिऊ शकते. झाकणाला भोक पाडलेली प्लास्टिकची रुंद बरणी वापरा, म्हणजे ती सांडतही नाही.

तासाभरात काय होते

पहिली दहा मिनिटे गप्पा आणि हात मोकळे करणे. मग तीस-पस्तीस मिनिटे काम, दहा मिनिटे चित्राकडे बघत बोलणे, उरलेला वेळ आवरण्याचा. वेळ सकाळची, नाश्त्यानंतरची ठेवा. स्मृतिभ्रंशात बेचैनी बऱ्याचदा संध्याकाळी वाढते, आणि रिकाम्या पोटी मधुमेही व्यक्तीला बसवणे बरे नाही.

"मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्या आजींना आम्ही आधी ठिपके काढायला लावतो. पन्नास वर्षे दारात रांगोळी घातलेल्या हाताला रेषेचा अंदाज असतोच. आजोबांना बहुधा आकृती किंवा नकाशा जवळचा वाटतो. लहानपणीच्या घराचा आराखडा काढायला सांगितले की विहीर, गोठा, ओसरी आपोआप येतात.

श्रावण-भाद्रपदात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेतो. न रंगवलेला बैल १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा, पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन हात द्यायचे, दोन्हींमध्ये अर्धा तास थांबायचे, मग रंग. पहिला हात ओला असताना दुसरा दिला तर रंगाचे पापुद्रे निघतात. हे काम दोन बैठकांत वाटा. बैल नातवाच्या हातात जाणार असतो, त्यामुळे "कशाला हे" हा प्रश्न निघत नाही.

घरच्यांनी काय बोलावे

"हे काय काढलंय?" विचारले की परीक्षा सुरू होते. "या निळ्याबद्दल सांगा ना" म्हणा, किंवा नुसते शेजारी बसा. "वा, किती सुंदर!" हेही जपून. खोटे कौतुक ओळखू येते, आणि खरे असले तर पुढच्या वेळी त्या कौतुकासाठीच चित्र निघते. चित्रावर आपण रेघ ओढू नका. फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी आणि भिंतीवर लावण्याआधी विचारा. फाडायचे म्हणाले तर फाडू द्या.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे गेला की बैठक सकाळी आठ ते दहा. ऑइल पेस्टल मऊ पडून बोटांना चिकटतात, म्हणून आधी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. कूलर थेट टेबलावर सोडू नका: कागद उडतो, दमट होऊन वाकतो, आणि वाऱ्यावर शाडूला तडे जातात. माती ओल्या फडक्याखाली ठेवा. पावसाळ्यात उलटे, लहान पणतीही वाळायला चार-पाच दिवस घेते.

रडू आले तर

येते. गेलेल्या माणसाचे घर काढताना येते. लगेच चित्र काढून घेऊ नका आणि "रडू नका" म्हणू नका. पाणी द्या, जवळ बसा. पुढे काही करावेसे वाटले तर हातात मातीचा गोळा द्या. तेव्हा घरच्यांनी खोलीबाहेर थांबायचे की आत यायचे, हे आम्ही आधी आई-बाबांनाच विचारून ठेवतो.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-जेवण तुटणे, "आता जगून काय" असे बोलणे, यांसाठी आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. एक-दोन दिवसांत अचानक भ्रमल्यासारखे वागू लागले तर तो मनाचा प्रश्न समजू नका. संसर्ग, सोडियम कमी होणे, उन्हात शरीरातले पाणी घटणे किंवा नवी गोळी ही कारणे असतात. त्याच दिवशी फिजिशियनला दाखवा, बैठक रद्द करा. तिचे शुल्क लागत नाही.

पहिल्या दिवशी तयार ठेवा

जवळचा चष्मा पुसून, श्रवणयंत्र चालू करून, चालू गोळ्यांची यादी, खराब झाला तरी चालेल असा सदरा किंवा साडी, आणि चहा दुसऱ्या स्टुलावर.