सरासरी सारखी, तरी भाव वेगळा

कळमन्याच्या फळबाजारात संत्र्यांची दोन क्रेट शेजारी ठेवलीत असं समजा. प्रत्येकातली पाच फळं काट्यावर टाकली. पहिल्यात १४८, १४९, १५०, १५१, १५२ ग्रॅम. दुसऱ्यात ११०, १३०, १५०, १७०, १९०. सरासरी दोन्हीकडे १५०. पण बाहेरगावी माल पाठवणारा व्यापारी दुसऱ्या क्रेटला पहिल्याचा भाव देणार नाही. त्याला एकसारखं फळ हवं असतं, आणि सरासरी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

मग हा विखुरलेपणा मोजायचा कसा? प्रत्येक फळ सरासरीपासून किती लांब ते काढून बेरीज केली, तर उत्तर नेहमी शून्य, कारण अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून फरकांचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि शेवटी वर्गमूळ घेऊन पुन्हा ग्रॅमवर यायचं. हेच प्रमाण विचलन. पहिल्या क्रेटचं १.४ ग्रॅम, दुसऱ्याचं २८.३. (मोजक्या नमुन्यावरून अख्ख्या बागेचा अंदाज बांधायचा असेल, तर भागताना पाचाऐवजी चार घेतात.)

इथे हुशार विद्यार्थी हमखास अडवतो: उणे चिन्ह नुसतं पुसून टाकलं तर? वर्गाचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकं ‘चिन्ह घालवायला’ एवढंच सांगून पुढे सरकतात, ते मला कधीच पटलं नाही. खरं कारण बेरजेत आहे. दुसऱ्या क्रेटसारख्याच फळांच्या मोठ्या ढिगातून डोळे मिटून चार संत्री पिशवीत टाका. पिशवीच्या वजनातली अनिश्चितता चौपट होत नाही. एखादं फळ जड आलं, तर दुसरं हलकं येऊन थोडीफार भरपाई करतं. बेरीज होते ती वर्गांची: दुसऱ्या क्रेटमधल्या फरकांच्या वर्गांची सरासरी ८००, ती चार वेळा म्हणजे ३२००, वर्गमूळ ५६.६ ग्रॅम. म्हणजे फक्त दुप्पट. चिन्ह पुसून काढलेल्या सरासरी फरकाला असा सरळ हिशेब जमत नाही.

प्रमाण विचलनाचं ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ हे इंग्रजी नाव संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १८९०च्या दशकात रूढ केलं. पण वाद तिथे मिटला नाही. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनचं १९१४ मधलं मत असं, की प्रत्यक्ष निरीक्षणांसाठी चिन्ह पुसण्याचीच रीत बरी. १९२० मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने गणिताने दाखवलं, की आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात (बहुतेक सरासरीजवळ, टोकांना मोजके) नीट बसत असतील तर प्रमाण विचलनच सरस. तीच अचूकता एडिंग्टनच्या रीतीने हवी असेल, तर १०० ऐवजी सुमारे ११४ मोजमापं लागतात.

मात्र ‘नीट बसत असतील तर’ ही अट मोठी आहे. पहिल्या क्रेटच्या वजनांत लिहिणाऱ्याने १४९ ऐवजी चुकून १४९० टाकलं, तर वर्ग त्या एका चुकीला डोक्यावर घेऊन नाचतात आणि प्रमाण विचलन १.४ वरून थेट ५३६ वर जातं. असा आकडा आला, की मी संत्र्यांना दोष देण्याआधी वहीतलं जास्तीचं शून्य शोधतो.