ताठ पॅनेल गप्प का बसत नाही?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणालाही विचारा, लेथचा बेड बीडाचाच (ओतीव लोखंडाचाच) का? बीड कंप गिळतं म्हणून. राखाडी बीडात ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्या असतात, त्यांच्याशी होणाऱ्या घसटीत कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. पोलादाची सळई ठोकली तर खणखणत राहते, बीडाची लवकर गप्प होते. वजन चालत असेल तर याहून सोपा उपाय नाही. पण बेळगावजवळच्या हत्तरगीला ज्यांचे सुटे भाग बनतात त्या विमानांत ग्रॅमाग्रॅमचा हिशेब असतो.

तिथं कंपोझिट सँडविच येतं. २ मिमी जाडीच्या ग्लास फायबरच्या पत्र्याऐवजी १-१ मिमीचे दोन पत्रे घेऊन मधे १० मिमी पीव्हीसी फोम चिकटवा. चौरस मीटरला साधारण ३.६ किलो वजन असतं, त्यात ६०० ग्रॅमची भर पडते आणि वाकण्याला होणारा विरोध हिशेबानं ९० पट होतो. फोम स्वतः थोडा सरकतो, म्हणून प्रत्यक्षात कमीच. इथं बरेच जण खूश होऊन थांबतात. ताठरतेनं कंपसंख्या (सेकंदाला किती कंपनं) वर जाते, कंप विरत मात्र नाही. पीव्हीसी फोम आणि फायबर दोन्ही कंप फारसं गिळत नाहीत.

गिळणारा थर वेगळा घालावा लागतो: बुटाइलसारखं रबरी द्रव्य, वरून धातूचा पत्रा. पॅनेल वाकलं की पत्रा आपल्या जागी राहू बघतो, मधलं रबर तिरकं ओढलं जातं आणि तापतं. गाडीच्या दारात लावतात त्या बुटाइल शीटवरची फॉइल यासाठी फार पातळ असते, ती रबराबरोबरच ताणली जाते. १ मिमी बुटाइलवर ०.५ मिमी ॲल्युमिनियम बरं. पट्टी लावायची ती वाक सर्वांत जास्त असेल तिथं: एका टोकाला घट्ट धरलेल्या पॅनेलवर धरलेल्या टोकाजवळ, दोन्हीकडे नुसतं टेकलेल्यावर मधोमध. रबराचा थर फोमच्या मधोमध घातला तर कंप झटकन विरतो, पण ताठरताही ढासळते.

दुसरी अडचण तापमानाची. रबर थंडीत कडक होतं, उन्हात लिबलिबीत. दोन्हीकडे काम करत नाही. बेळगावच्या डिसेंबरच्या पहाटे तपासून पास केलेलं पॅनेल अथणीच्या एप्रिलमधल्या उन्हात तसंच वागेल असं धरू नका. रबर निवडायचं ते वापराच्या तापमानावरून.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पॅनेलची ३०० मिमी लांब, २५ मिमी रुंद पट्टी कापा. दोन्ही टोकांपासून ६७ मिमीवर दोऱ्याच्या फासात लटकवा; पहिल्या कंपनात या दोन जागा जवळपास स्थिर असतात. शिकंज्यात धरू नका, त्याचं घर्षणही मोजमापात येतं. मधोमध हलकी टकटक करा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमधल्या लाटेची उंची निम्मी व्हायला किती आवर्तनं लागली ते मोजा आणि ०.२२ ला त्या आकड्यानं भागा. येतो तो लॉस फॅक्टर, म्हणजे कंप किती लवकर विरतो त्याचा आकडा. १० आवर्तनं लागली तर ०.०२२.

आकडा मोठा आला म्हणून लगेच हुरळू नये. खानापूरचं मडकं घेताना गिऱ्हाईक बोटानं वाजवतं. बद्द वाजलं तर तडा. पॅनेलचं तसंच. पत्रा फोमपासून सुटला की सुटलेल्या कडा एकमेकींवर घासतात आणि कंप लवकर विरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हमखास होतं. थर चिकटवायच्या इपॉक्सीचा हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून पृष्ठावर मेणचट साय आणतो, तिच्यावर पुढचा थर बसत नाही. नुसतं पॉलिश पेपर मारलं तर ती साय आत घासली जाते. आधी साध्या पाण्यानं खरखरीत स्पंजनं धुवा, पूर्ण वाळवा, मगच पॉलिश पेपर.

म्हणून लॉस फॅक्टरबरोबर कंपसंख्याही लिहून ठेवावी. रबर-पत्र्याची पट्टी चिकटवल्यावर ती किंचित बदलते, तो नवा आकडा खरा धरायचा. महिन्यानं, त्याच तापमानाला, लॉस फॅक्टर वाढलेला आणि कंपसंख्या उतरलेली दिसली तर पॅनेल सुटतंय.