वाचता येत नाही म्हणजे नक्की काय येत नाही?

पालकांसाठी माहितीपत्रक (आमचा वाचनवर्ग, नौपाडा, ठाणे)

आमच्याकडे येणारे बहुतेक आईबाबा पहिलं वाक्य हेच बोलतात, "चौथीत गेला तरी वाचता येत नाही हो." आम्ही विचारतो, म्हणजे काय येत नाही? अक्षरच ओळखू येत नाही हे वेगळं, अक्षरं येतात पण शब्द लागत नाही हे वेगळं, आणि घडाघडा वाचून झाल्यावर "काय वाचलंस?" विचारलं की पोरगं छताकडे बघतं, हे तर फारच वेगळं. या तिघांना एका बाकावर बसवून तोच धडा दहादा वाचायला लावला तर तिघंही कंटाळतात, बाकी काही होत नाही.

१९८६ साली गफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी याचं साधं गणित मांडलं होतं: छापलेला शब्द ओळखता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. बेरीज नाही हं, गुणाकार. त्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य, दुसरी कितीही भारी असो.

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही शाळेचं पुस्तक बाजूला ठेवतो आणि ट्रान्स हार्बर लाईनच्या, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलच्या, स्टेशनांची कार्डं काढतो. क्रमाने नाही देत, पिसून देतो, नाहीतर मुलं लोकलमधली अनाउन्समेंट म्हणून दाखवतात! वाशी बहुतेकांना येतं, ऐरोलीच्या ऐ वर गाडी जरा थांबते, आणि तुर्भे आलं की खरं काय ते कळतं. मागे तिसरीतला एक मुलगा आला होता, त्याने बोट ठेवून वाचलं, तु... भे... र, "तुभेर". आई लगेच म्हणाली, लक्षच नसतं याचं. अहो लक्ष होतं, जरा जास्तच होतं. रफार दिसतो भ च्या डोक्यावर पण म्हणायचा भ च्या आधी, आणि पोराने जसं दिसलं तसं प्रामाणिकपणे वाचलं. पहिल्या वेलांटीचं याच्या उलट, ती दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. अशा मुलाला "नीट बघ" सांगून काय उपयोग, तो नीटच बघतोय. आम्ही त्याला शब्द आधी कानाने तोडायला लावला, तुर् - भे, प्रत्येक तुकड्याला एक टाळी, मग तेच तुकडे पाटीवर मोठ्याने म्हणत लिहायचे, मग कार्ड. सूर्य, गर्दी, पर्वत असं करत करत एक दिवस स्टेशनवर त्याने आईला इंडिकेटर वाचून दाखवला, कर्जत, आणि कजरत नाही म्हणाला.

सारखी दिसणारी अक्षरं, म्हणजे घ-ध, भ-म, थ-य, आम्ही कधीच एका दिवशी शिकवत नाही, एक पक्कं झालं की मगच दुसरं.

घरची भाषा पण बघावी लागते. नवी मुंबईच्या गावठाणांतून येणारी आगरी घरांतली मुलं पाणी ला "पानी" आणि डोळा ला "डोला" वाचतात. त्याला आम्ही वाचनाची चूक धरत नाही, शब्द त्याने बरोब्बर ओळखलाय, फक्त घरच्यासारखा उच्चारलाय. ण आणि ळ लिहिताना वेगळे घेतो. दर शब्दाला टोकलं तर ते मूल तोंडच उघडायचं नाही. उलट हिंदी बोलणाऱ्या घरातली मुलं मराठी फटाफट वाचतात, लिपी तीच ना, पण "चिमणी" वाचून डोळ्यासमोर कारखान्याचं धुराडं येतं आणि "बाईंनी शिक्षा केली" म्हणजे बाईंनी शिकवलं असं वाटतं. त्यांच्याशी आधी गप्पा, चित्रं, गोष्ट ऐकणं, आणि मग पुस्तक.

आमचे गट इयत्तेप्रमाणे नसतात, ज्या पायरीवर मूल अडलंय त्या पायरीचे असतात, एका गटात चारच मुलं. मात्र पाचवीतल्या मुलाच्या हातात "कमळ बघ" देणं आम्हाला पटत नाही, त्याला लाज वाटते. त्याच पायरीचे शब्द मॅचच्या स्कोअरमध्ये, बिस्किटाच्या पुड्यावर, टीएमटीच्या बसवर पण सापडतात.

डिस्लेक्सियाबद्दल (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं, अध्ययन अक्षमतेचाच एक प्रकार) स्पष्ट सांगतो, आम्ही निदान करत नाही आणि सर्टिफिकेटही देत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र सरकारमान्य हॉस्पिटलचंच लागतं आणि ते मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावरच मिळतं. तोपर्यंत थांबू नका, शिकवण्याची पद्धत आजपासून बदलता येते. आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू कसा चालतो ते सांगणाऱ्या टेस्टवर पैसे घालवू नका, त्याला शास्त्रीय आधार नाही. त्यापेक्षा डोळे आणि कान तपासून घ्या, फळा न दिसणारी मुलं पण आमच्याकडे "वाचत नाही" म्हणूनच आलीत.

पहिली भेट पाऊण तासाची, तिचे पैसे नाहीत. येताना मुलाची शाळेतली जुनी वही आणा, नवीन कव्हर घातलेली नको, चुका असलेलीच. आणि रिक्षात येताना "तिकडे नीट वाच हं" असं मात्र सांगू नका प्लीज.