खिशातले कार्ड आणि राज्याची नोंद: अमेरिकेतील ट्रकचालकांच्या वैद्यकीय दाखल्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत व्यावसायिक परवान्यावर ट्रक चालवणाऱ्याची वैद्यकीय तपासणी झाल्यावर, 23 जून 2025 पर्यंत, दाखल्याचा कागद राज्याच्या परवाना कार्यालयात पोहोचवण्याची जबाबदारी त्या चालकाचीच होती. त्या तारखेपासून तपासणारा परीक्षक निकाल दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत मध्यवर्ती नोंदणीत भरतो, तिथून तो राज्याकडे जातो आणि राज्याने तो पुढच्या एका कामकाजाच्या दिवसात चालकाच्या नोंदीवर चढवायचा असतो. कागद हातोहात नेण्याची गरज संपावी, एवढीच ही सुधारणा आहे; पण दाखला आणि परवाना जोडण्याचा आदेश 1999 च्या कायद्यात आहे आणि त्याची अंमलबजावणी या टप्प्यावर यायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. या काळात प्रकृतीने ठणठणीत असलेल्या चालकांच्याही परवान्यांवरचा व्यावसायिक अधिकार केवळ नोंद न झाल्यामुळे काढून घेतला जाऊ शकत होता, ही बाब या इतिहासात सहसा तळटीपेत जाते. ती मध्यभागी असायला हवी.

राज्यांच्या सीमा ओलांडून माल वाहणाऱ्या चालकांची पात्रता ठरवण्याचा अधिकार संघीय पातळीवर 1935 च्या कायद्याने आला. सुरुवातीच्या नियमांची भाषा ढोबळ होती: प्रकृती चांगली असावी, दृष्टी चांगली असावी, ऐकू पुरेसे यावे. आज परीक्षक ज्या मोजमापांवर चालतात, त्यांचा सांगाडा 1970 चा आहे. प्रत्येक डोळ्याची दृष्टी 20/40 (सामान्य दृष्टीला 40 फुटांवरून दिसते ते 20 फुटांवरून दिसावे), चष्म्यासह चालेल. 5 फुटांवरून जोर देऊन कुजबुजलेला आवाज ऐकू यावा. इन्सुलिन घेणाऱ्याला आंतरराज्य वाहतुकीत तेव्हा मनाई होती. दाखला जास्तीत जास्त 24 महिन्यांचा. हे निकष कडक होते, परंतु ते पाळले गेल्याचा पुरावा म्हणजे चालकाच्या खिशातले एक कार्ड आणि मालकाच्या फायलीतली त्याची प्रत, याखेरीज काही नव्हते.

1986 च्या कायद्याने व्यावसायिक परवान्याची देशभर एकसारखी पद्धत आणली आणि 1 एप्रिल 1992 पासून तो परवाना सक्तीचा झाला. एका चालकाकडे अनेक राज्यांचे परवाने असण्याचा प्रकार त्यामुळे थांबला. वैद्यकीय दाखला मात्र या परवान्याच्या बाहेरच राहिला. ज्या अधिकाऱ्यासमोर परवाना यायचा, त्याच्या पडद्यावर दाखल्याची मुदत दिसत नसे. रस्त्यावरच्या तपासणीत कार्ड मागितले जायचे आणि जे दाखवले जायचे ते मानून घेतले जायचे. त्याच 1992 साली तपासणी करण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांपुरता न ठेवता, राज्याने शारीरिक तपासणीची परवानगी दिलेल्या इतर आरोग्य व्यावसायिकांनाही देण्यात आला. दूरच्या गावातल्या चालकासाठी ही सोय होती, पण परीक्षकाला या निकषांचे ज्ञान आहे की नाही हे पाहणारे कोणी नव्हते.

9 मे 1999 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये प्रवासी बस महामार्गावरून बाहेर जाऊन आदळली आणि 22 प्रवासी मृत्युमुखी पडले. चालकाला हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार होता, तरीही त्याच्याकडे चालू मुदतीचा वैद्यकीय दाखला होता. अपघात तपासणाऱ्या मंडळाने अपघाताच्या कारणांमध्ये चालकाच्या आजारपणासोबत दाखला देण्याच्या व्यवस्थेचे अपयशही नोंदवले. ही बस होती, ट्रक नव्हता. परंतु दोघांना लागू असलेला वैद्यकीय नियम एकच होता, म्हणून पुढचे बहुतेक बदल या घटनेच्या छायेत झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कायद्याने वैद्यकीय दाखला परवान्याचाच भाग करावा असा आदेश दिला.

त्या आदेशाचा नियम 1 डिसेंबर 2008 रोजी प्रसिद्ध झाला. राज्यांना यंत्रणा उभी करायला 30 जानेवारी 2012 पर्यंत आणि चालकांना आपली नोंद करायला 30 जानेवारी 2014 पर्यंत मुदत मिळाली. ज्यांना दाखला लागतो अशा चालकाने तो राज्याकडे द्यायचा, राज्याने 10 दिवसांत नोंदवायचा आणि कागदी कार्ड हा पुरावा म्हणून फक्त पहिले 15 दिवस ग्राह्य धरायचा, अशी रचना झाली. यात दाखल्याला नकळत दोन मुदती आल्या. एक कार्डावर छापलेली, दुसरी राज्याच्या नोंदीत असलेली. दोन्ही जुळल्या नाहीत तर कायद्याने नोंदीतली खरी. मुदत संपल्यावर राज्याने चालकाची स्थिती ‘अप्रमाणित’ अशी बदलायची आणि 60 दिवसांत परवान्यावरून व्यावसायिक अधिकार काढून टाकायचा. चालकांच्या भाषेत याला ‘डाउनग्रेड’ म्हणतात. तो परत मिळवण्यासाठी किती कागद, किती शुल्क आणि किती फेऱ्या, हे राज्यागणिक बदलते.

या नियमातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग मात्र दाखला हा नव्हताच. तो होता चालकाने स्वतःच करायचे स्वप्रमाणन. प्रत्येकाने चार गटांपैकी एक निवडायचा: आंतरराज्य की राज्यांतर्गत, आणि त्या प्रत्येकात ‘एक्सेप्टेड’ (excepted, म्हणजे अपवादातला) की ‘नॉन-एक्सेप्टेड’. मोठ्या संख्येने चालक पहिल्याच शब्दावर चुकतात. आंतरराज्य म्हणजे ट्रकने राज्याची सीमा ओलांडणे, असे साहजिकपणे वाटते. नियम पाहतो तो मालाचा प्रवास. एखादा कंटेनर दुसऱ्या राज्यातून किंवा परदेशातून येऊन बंदरात उतरला असेल आणि चालक तो त्याच राज्यातल्या गोदामापर्यंतच नेत असेल, तरी तो प्रवास सलग वाहतुकीचा अखेरचा टप्पा असल्यामुळे चालक आंतरराज्य गटात येतो. आयुष्यात कधी राज्य न सोडलेला माणूस अशा रीतीने संघीय वैद्यकीय निकषांखाली येतो आणि कागदावर राज्यांतर्गत अशी खूण केली असेल तर रस्त्यावरच्या तपासणीत अडकतो.

दुसरा शब्द याहून घातक आहे. ‘एक्सेप्टेड’ म्हणजे ज्या कामालाच संघीय वैद्यकीय नियम लागू नाही असे काम: शाळेची मुले ने-आण करणे, सरकारी सेवेत सरकारी वाहन चालवणे, मृतदेह किंवा जखमींची वाहतूक, आणीबाणीतले मदतकार्य, शेतीशी निगडित काही वाहतूक. ‘एक्झेम्प्टेड’ म्हणजे नियम लागू आहे, पण विशिष्ट चालकाला श्रवणशक्तीसारख्या विशिष्ट निकषातून सूट मिळालेली आहे. मराठीत आपण पहिल्याला ‘अपवाद’ आणि दुसऱ्याला ‘सूट’ म्हणून सहज वेगळे करू शकतो. इंग्रजीत ही जोडी कानाला जवळजवळ सारखी लागते आणि फॉर्मवरच्या चौकटींपुढे थकलेल्या माणसाने तो फरक ओळखावा, ही अपेक्षाच चुकीची होती. अशी सूट मिळालेल्या चालकाने ‘एक्सेप्टेड’वर खूण केली, तर तो स्वतःला ज्या नियमातून सूट मिळाली आहे त्या नियमातूनच बाहेर काढतो. 2025 पर्यंतच्या पद्धतीत त्याला राज्याकडे दाखला द्यावा लागत नसे, म्हणून तो देत नसे, आणि ज्या दिवशी त्याच्या ट्रकमध्ये सर्वसाधारण माल भरला जाई त्या दिवशी तो नोंदीप्रमाणे वैद्यकीय प्रमाणपत्राविना ट्रक चालवत असे. काम बदलले की गट बदलण्यासाठी राज्याकडे पुन्हा जावे लागते, हेही अनेकांना मालकाने सांगितलेले नसते. यंत्रणेच्या बाजूने असे म्हणता येईल की कोणाचे काम कोणत्या प्रकारचे आहे हे चालकालाच ठाऊक असते, म्हणून त्यालाच विचारणे रास्त होते. पण ज्याला प्रश्न विचारला त्याला प्रश्नाचा अर्थ कळेल याची काळजी त्या नियमात दिसत नाही.

परीक्षकांची राष्ट्रीय नोंदणी हा वेगळा, तुलनेने सुरळीत पार पडलेला टप्पा. 2005 च्या कायद्याने तिची तरतूद केली, 2012 मध्ये नियम आला आणि 21 मे 2014 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, नोंदणीत नाव असलेल्या परीक्षकाचाच दाखला चालू लागला. 1992 मध्ये मोकळे सोडलेले दार बंद न करता त्यावर राखण बसवली, असे या निर्णयाचे वर्णन करता येईल.

नोंदणी आली म्हणजे निकाल थेट राज्याकडे पाठवता येणार, हे उघड होते, आणि 23 एप्रिल 2015 च्या नियमाने नेमके तेच ठरवले. अंमलाची तारीख होती 22 जून 2018. परंतु डिसेंबर 2017 मध्ये नोंदणीच्या संकेतस्थळात घुसखोरीचा प्रयत्न झाला आणि ते कित्येक महिने बंद ठेवावे लागले. तारीख 2021 वर गेली, नंतर 23 जून 2025 वर. दरम्यान महामारीच्या काळात, 2020 मध्ये, मुदत संपलेल्या दाखल्यांना काही काळ चालू मानण्याची सवलत द्यावी लागली, कारण तपासणीची वेळच मिळत नव्हती. आणि अखेर 2025 चा जून आला तेव्हाही काही राज्यांची यंत्रणा तयार नव्हती. म्हणून जुलैमध्ये पुन्हा सवलत निघाली: कागदी दाखला तपासणीनंतर 15 दिवस पुरावा म्हणून चालेल. ही मुदत पुढे 60 दिवसांपर्यंत वाढवली गेली. या प्रत्येक लांबणीवर यंत्रणेला नवी तारीख मिळाली. चालकाला मात्र मुदत चुकली की पूर्वीसारखेच 60 दिवस.

हे अधिक महत्त्वाचे होण्याचे कारण म्हणजे 24 महिन्यांचा पूर्ण दाखला अनेकांच्या वाट्याला येतच नाही. रक्तदाब 140/90 च्या वर गेला की मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दाखला सहसा वर्षाचा होतो. 160/100 च्या वर असेल तर एकदाच तीन महिन्यांचा, आणि 180/110 च्या वर असेल तर मिळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांवरची 1970 ची सरसकट मनाई नोव्हेंबर 2018 मध्ये उठली आणि एका डोळ्याने निकष न भरणाऱ्यांसाठी मार्च 2022 पासून पर्यायी निकष आला. वेगळी सूट मागत बसण्याची गरज संपल्यामुळे हे दोन्ही बदल स्वागतार्ह आहेत. पण दोन्हींत दाखला वर्षाचाच असतो आणि परीक्षकाकडे जाण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरचा किंवा नेत्रतज्ज्ञाचा स्वतंत्र फॉर्म भरून घ्यावा लागतो. त्या फॉर्मवर सही झाल्यापासून 45 दिवसांच्या आत परीक्षकाची तपासणी सुरू झाली नाही, तर फॉर्म बाद होतो आणि पुन्हा पहिल्या डॉक्टरकडून सुरुवात करावी लागते. महिन्यातले तीन आठवडे घराबाहेर असणाऱ्या चालकाला दरवर्षी या दोन भेटी 45 दिवसांत बसवाव्या लागतात, आणि त्यानंतर आपल्या राज्याच्या नोंदीत नवी तारीख खरोखर चढली का, हे अजूनही स्वतःच पाहावे लागते.