फुललेली कुंडी राहू द्या, बियांची पुडी घ्या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रोपवाटिकेत आलेलं माणूस आधी फुललेल्या कुंडीकडे जातं. साहजिकच आहे, आम्हीही ती मुद्दाम दारातच मांडतो. पण हिरव्या जाळीच्या सावलीत, वेळच्या वेळी पाणी-खत घेऊन वाढलेलं ते रोप तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पश्चिमेच्या उन्हात नेऊन ठेवलं की आठवडाभरात कळ्या गाळतं. मग “आमच्या हाताला गुणच नाही” म्हणत गिऱ्हाईक परत येतं. हाताचा काही दोष नसतो. जे रोप तुमच्याच उन्हात, तुमच्याच वाऱ्यावर उगवतं, त्याला ते ऊन सोसायची सवय पहिल्या पानापासून असते.

विकणारेच असं सांगतायत म्हणून हसू नका. ज्याच्या घरी बी रुजलं तो वर्षानुवर्षं आमच्याकडे शेणखत न्यायला येतो. ज्याची महागडी कुंडी वाळली तो पुढच्या वेळी प्लॅस्टिकची फुलं आणतो. आमचा हिशेब एवढाच आहे.

लागतं काय?

फार काही नाही. रंगाची रिकामी बादली, फुटका माठ, फळांचा जुना क्रेट, काहीही चालेल. बुडाला चार-पाच भोकं मात्र हवीतच. तेलाचा पत्र्याचा डबा एप्रिल-मेमध्ये इतका तापतो की मुळं भाजतात, म्हणून त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा तो दुसऱ्या कुंड्यांच्या मागे ठेवा.

मातीचं जरा समजून घ्या. आपल्याकडची काळी माती शेतात सोनं असली तरी कुंडीत एकटी वापरू नका. भिजली की चिकट होऊन पाणी धरून बसते, सुकली की भेगाळते आणि कडेने सुटते. मग घातलेलं पाणी मुळांना न लागता कडेकडेनं खाली जातं. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग नारळाचा भुसा, असं मिश्रण करा. भुसा विकत घ्यायचा नसेल तर वाळका पालापाचोळा चुरून घाला. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर उत्तम. चहाचा चोथा टाकायचा असेल तर आधी धुऊन घ्या, साखरेवर मुंग्या येतात.

पाणी रोज ठरलेल्या वेळी घालायची गरज नसते. बोट पेरभर मातीत खुपसा. ओल लागली तर आज राहू द्या. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंगीचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात होतात.

कोणतं फूल, कधी?

गुलशनाबाद या जुन्या नावाचा अभिमान बाजूला ठेवला, तरी नाशिकची हवा फुलांना खरोखरच मानवते. पावसाळा झोडपून काढत नाही, थंडी मात्र चांगली पडते.

पहिला पाऊस झाला की तेरडा, झिनिया, झेंडू, गोकर्ण पेरा. बी जितकं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल. त्याहून खाली पुरू नका. गोकर्णीचं बी कडक असतं, रात्रभर पाण्यात भिजवून मगच पेरा. दसऱ्याला दारच्या तोरणात घरचा झेंडू हवा असेल तर बी जुलैत पडलं पाहिजे. साधारण महिन्याभराने रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत, आणि फांद्या नाहीत तर फुलं मोजकीच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात झेंडूचा भाव विचारून पाहा, मग खुडण्याचं दुःख उरणार नाही.

थंडीची फुलं, म्हणजे पिटुनिया, फ्लॉक्स, डायांथस, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात झेंडू-झिनियाचं बी मात्र लवकर उगवत नाही. तेव्हा घाई नको.

मोगऱ्याबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते: “पानं भरपूर, फूल एक नाही.” द्राक्षाच्या मुलखात छाटणी समजावून सांगावी लागू नये. बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी करतो, आणि आपण मोगऱ्याला कात्री लावायला घाबरतो! डिसेंबरच्या शेवटी पाणी तोडा, पंधरवड्याने झाड दीड फुटावर छाटा, उरलेली पानं काढा, शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या धरतात. नव्या फुटीवरच फूल येतं, जुन्या लाकडावर नाही.

शेवंतीची गोष्ट वेगळी. रात्र मोठी होऊ लागली की ती कळी धरते. गॅलरीत रात्रभर ट्यूबलाइट जळत असेल, किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर येत असेल, तर तिच्या लेखी रात्र होतच नाही. ती पानंच काढत बसते. आमच्याकडे “शेवंती वांझ निघाली” म्हणून परत आणलेल्या कुंड्यांतल्या बऱ्याच नुसत्या अंधाऱ्या कोपऱ्यात रात्री हलवल्या तरी पुरतं. खताचा खर्च त्याआधी करू नका.

सवडीचं काम

बागकाम म्हणजे छंद, विरंगुळा वगैरे ठीक आहे. आम्हाला ते रचनेचं कामही वाटतं, फक्त फार सावकाश चालणारं. आज पेरलेल्या रंगाचा परिणाम दोन महिन्यांनी दिसतो, म्हणून आधी मनात चित्र मांडावं लागतं. खिडकीच्या गजांवर निळी गोकर्ण चढवली तर खाली पिवळा कॉसमॉस शोभेल की पांढरी सदाफुली? उंच काय, मागे काय? एक साधी वही करा. कुठे काय पेरलं, कधी उगवलं, काय फसलं, एवढं लिहिलं की पुढच्या वर्षीची आखणी त्यातूनच होते. मुलांकडून चित्रं काढून घ्या, त्यांना रंग आपल्याहून नीट दिसतात.

वेळेचाही विचार करता येतो. गुलबक्षी चारनंतर उमलते आणि सकाळी मिटते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून पहिली पाळी संपवून येणाऱ्याने ती दाराशीच लावावी. चहाचा कप हातात येईपर्यंत फुलं उघडलेली असतात आणि अंधार पडला की वासही येतो. चिनी गुलाब उलटा. तो उन्हं वर आल्यावर उमलतो, दुपार कलली की मिटतो, आणि ढगाळ दिवशी उघडतच नाही. नोकरदारासाठी ते रविवारचं झाड! पण स्वस्त इतकं की शेजाऱ्याकडून चार बोटं काडी मागून मातीत खोचली, की काम झालं.

सदाफुली लावाच, ती फरशीच्या फटीतही उगवते. तिची पानं मधुमेहावर चावून खायचा सल्ला कुणी दिला तर मात्र ऐकू नका. तिच्यातल्या द्रव्यांपासून कर्करोगावरची जालीम औषधं बनतात, ते घरी करून पाहायचं काम नव्हे.

बी कसं धरायचं?

पुढच्या वर्षी आमच्याकडे बियांसाठी पैसे देऊ नका. हंगामाच्या सुरुवातीला सुकलेली फुलं खुडत राहा, त्याने नवी येतात; शेवटची चार-पाच मात्र झाडावरच वाळू द्या. हारातला झेंडू बहुधा बी पिकायच्या आधी तोडलेला असतो, तो उगवेलच असं नाही. झाडावर वाळलेलं बोंड घेऊन पाकळ्या चिमटीत धरून ओढा. सुईसारख्या बारीक काड्यांचा झुबका हातात येतो: वर फिकट पिवळसर, खाली काळी. काळं टोक भरीव लागलं तर बी चांगलं, चपटं आणि फिकं असेल तर पोकळ. दोन दिवस सावलीत सुकवा, कागदाच्या पुडीत बांधा, नाव आणि महिना लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहून बुरशी येते.

संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची फुलं आईसारखीच येतील असं नाही. कुठे लहान, कुठे एकेरी, कुठे रंगच दुसरा. आम्हाला त्यात मजा वाटते. तोरणासाठी एकसारखी हवी असतील तर नवीन पुडी घ्या.

तेरड्याची बोंडं पिकली की बोट लागताच फुटतात आणि बी उडतं. खाली कागद धरा, आणि हे काम घरातल्या लहानांना द्या.

गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. जास्तीचं बी त्यात टाका, हवं ते घेऊन जा, पैसे नाहीत. पुडीवर नाव तेवढं लिहा. काळ्या पिशव्या आणि रिकाम्या कुंड्या परत आणल्यात तर आम्ही धुऊन पुन्हा वापरतो. मावा किंवा पिठ्या ढेकूण अशी कीड पडली असेल तर आख्खं झाड आणू नका, एक फांदी बंद पिशवीत आणा, म्हणजे इथल्या रोपांना लागण होणार नाही. सकाळी लवकर या. दुपारी आम्ही पाणी घालण्यात गुंतलेलो नसतो, झोपलेलो असतो.