विकास शुल्क आणि मालमत्ता कर: ठाण्याच्या तिजोरीत येणारे दोन निराळे पैसे

घोडबंदर रस्त्याने माजिवड्याहून कासारवडवलीपर्यंत जाताना दोन्ही बाजूंचे टॉवर दिसतात आणि ठाणेकरांच्या बोलण्यात हमखास एक प्रश्न येतो. एवढ्या इमारती झाल्या, बिल्डरांनी महापालिकेला एवढे पैसे भरले, मग कचरा उचलायला, बस चालवायला पैसे कमी का पडतात? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना आपण बहुतेक वेळा दोन वेगळे पैसे एकाच पोत्यात घालतो. इमारत बांधायची परवानगी घेताना भरावा लागतो तो एक पैसा. ती इमारत उभी आहे तोवर दरवर्षी येत राहतो तो दुसरा. दोन्हींचा हिशेब चौरस मीटरवर चालतो आणि दोन्ही महापालिकेकडेच जातात, म्हणून गल्लत होते.

पहिला पैसा शहर विकास विभागातून येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्यात 1992 साली विकास शुल्काचं प्रकरण घातलं गेलं. जमिनीचा विकास करायचा किंवा बांधकाम करायचं, तर रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीन-बांधकामाच्या दराशी जोडलेली रक्कम नियोजन प्राधिकरणाला द्यायची. ठाण्यात हे प्राधिकरण म्हणजे महापालिका. त्यावर प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाच्या मुभेपोटी घेतलेल्या रकमा, येतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. ठाणे आणि नवी मुंबई तिच्यात आहेत, मुंबई नाही. मूळ एफएसआयपेक्षा (भूखंडाच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधता येतं ती मर्यादा) जास्त बांधायचं असेल तर प्रीमियम भरून एफएसआय घेता येतो, आणि बाल्कनी, जिना, लॉबी यांसाठीच्या अनुषंगिक क्षेत्रालाही प्रीमियम लागतो. टीडीआरचं, म्हणजे जमीन सोडल्याच्या बदल्यात मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काचं, मात्र वेगळं आहे. तिथे पालिकेला रोख मिळत नाही, तर रस्त्याची किंवा आरक्षणाची जमीन मिळते.

या पैशामागचा विचार सरळ आहे. मोकळ्या जमिनीवर पाचशे कुटुंबं राहायला येणार, तर रस्ता रुंद करावा लागेल, जलवाहिनी मोठी टाकावी लागेल, मलवाहिनी, बाग, शाळेची जागा लागेल. हा भार एकदाच पडतो, म्हणून पैसाही एकदाच. विकास शुल्काची रक्कम वेगळ्या लेखाशीर्षाखाली ठेवून सार्वजनिक सोयींसाठी वापरावी, हाच कायद्याचा रोख आहे.

दुसरा पैसा मालमत्ता कर, म्हणजे आपली घरपट्टी. ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली लागते आणि वर्षाचे दोन भाग पडतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मुंबईने 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आकारायला सुरुवात केली. ठाण्यात करयोग्य मूल्याची जुनी पद्धत आहे. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं वाजवीपणे यावं ते ठरवायचं आणि त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे. समजा महिन्याचं ठरवलेलं भाडं 2,000 रुपये असेल, तर वर्षाचे 24,000, वजावट 2,400, करयोग्य मूल्य 21,600. त्यावर सामान्य कर, पाणी आणि मलनिःसारणाचे लाभकर, रस्ता कर, वृक्ष कर अशा ओळी चढतात. बिलात शिक्षण कराची ओळ असते, ती राज्य सरकारची. पालिका ती फक्त वसूल करून देते. बिगरनिवासी मालमत्तेवरचा रोजगार हमी कर तसाच. त्यामुळे बिलाची सगळी रक्कम पालिकेच्या हाती पडते असं धरू नये.

कर वेळेवर भरला नाही तर थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. मग अभय योजना येते आणि ती शास्ती माफ होते. वेळेवर भरणाऱ्याला हे बोचतं, आणि बोचायलाच हवं.

खरा फरक कळतो तो खर्चाच्या बाजूला. पालिकेचा रोजचा खर्च कुठे होतो ते पाहा. सफाई कामगारांचे पगार. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. परिवहन सेवेला द्यावं लागणारं अनुदान. ठाण्याला स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम ही पाणीपुरवठा संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी घ्यावं लागतं, त्याची बिलं. यांतला एकही खर्च या वर्षी करून पुढच्या वर्षी थांबवता येत नाही. विकास शुल्काचा आणि प्रीमियमचा पैसा मात्र बाजाराच्या मर्जीवर येतो. घरं खपली की प्रस्ताव येतात, मंदी आली की फायली थंडावतात. वर राज्याचं धोरणही बदलतं. करोनाच्या काळात, जानेवारी 2021 मध्ये, बांधकामाला चालना म्हणून सरकारने वर्षअखेरपर्यंत प्रीमियममध्ये 50 टक्के सवलत दिली. ती योग्य होती की नव्हती हा वाद बाजूला ठेवू. पण ज्या उत्पन्नाचा दर मंत्रालयातल्या एका निर्णयाने निम्मा होतो, त्याच्या भरवशावर पगारपत्रक मांडणं म्हणजे शेत विकून आलेल्या पैशावर रोजचा बाजारहाट करणं.

आणि जमीनही संपते. नौपाड्यात नवी मोकळी जागा नाही, जे होईल ते पुनर्विकासातून. घोडबंदर, कोलशेत, बाळकुमच्या मोकळ्या जागाही कधीतरी इमारतींनी भरून जातील. त्या दिवसानंतर तिथे राहणारी माणसं, त्यांचा कचरा, त्यांचं सांडपाणी राहील. परवानगीचा पैसा राहणार नाही.

म्हणून घरपट्टीकडे मी जास्त लक्ष वेधतो. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही, गेला. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि त्या बदल्यात राज्याकडून नुकसानभरपाई मिळते. ती रक्कम मोठी असते, पण तिचा दर ठरवणं पालिकेच्या हाती नाही. मुद्रांक शुल्कावरचा 1 टक्का अधिभारही घरं विकली गेली तरच येतो. स्वतः आकारायचा, स्वतः वसूल करायचा मोठा कर उरला तो मालमत्ता करच. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांना अनुदान देताना मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी सुसंगत वसुली वाढवण्याची अट घातली होती. करयोग्य मूल्याच्या पद्धतीत मात्र जुन्या इमारतीचं मूल्य अनेक वर्षं जवळपास तिथेच राहतं. पागडीच्या घरांत तर भाडेनियंत्रणामुळे ते आणखीच दबलेलं असतं. तोवर डिझेल, वीज आणि वेतन आयोग थांबत नाहीत.

ही गल्लत सामान्य माणसाला सर्वांत महाग पडते ती दिवा-मुंब्र्यासारख्या भागात. तिथली अनेक कुटुंबं सांगतात, आमची घरपट्टी लागलेली आहे, म्हणजे इमारत कायदेशीर आहे. तसं नाही. घरपट्टी लागते ती घर अस्तित्वात आहे म्हणून. नकाशे मंजूर आहेत का, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) मिळाली का, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, याची तपासणी कर विभाग करत नाही. उलट बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती लावण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ मध्ये आहे. लहान निवासी घरांना राज्याने नंतर त्यात सवलत दिली. घर घेताना कराची पावती दाखवून कोणी भरवसा देत असेल, तर पावती बाजूला ठेवून ओसी मागा. ती मिळत नसेल तर व्यवहार थांबवा.

अशा इमारतीमुळे शहराच्या हिशेबात जे घडतं त्याची चर्चा मात्र फार कमी होते. बेकायदा इमारत उभी करणाऱ्याने विकास शुल्क भरलेलं नसतं, प्रीमियम भरलेला नसतो, रस्त्यासाठी जमीनही सोडलेली नसते. माणसं मात्र तितकीच राहायला येतात आणि पाणी, गटार, रस्ता मागतात. ती मागणी न्याय्यच आहे. आयुष्याची कमाई घालून घर घेतलेल्याचा त्यात काय दोष? पण जलवाहिनीचा जो खर्च बांधणाऱ्याने उचलायचा, तो मग सगळ्या शहराच्या करातून होतो. घरपट्टी रोजच्या सेवेसाठी असते, तिने जलवाहिनी टाकायला घेतली की सेवेला चिमटा बसतो. म्हणजे पैशाची ही सरमिसळ दोन्ही बाजूंनी होते: कुठे एकदाच आलेला पैसा रोजच्या खर्चात जातो, तर कुठे रोजचा पैसा एकदाच्या कामात.

हे तपासायला सनदी लेखापाल असण्याची गरज नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी जाहीर होतं. त्यात शहर विकास विभागाचं उत्पन्न आणि मालमत्ता कराचं उत्पन्न वेगवेगळ्या शीर्षांखाली असतं. प्रत्येकासमोर मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज काय ते पाहा. शहर विकासाचा मूळ अंदाज फुगवलेला आणि सुधारित अंदाज घसरलेला दिसला, तर त्या आशेवर धरलेली कामं कोणती होती ते शोधा. मग महसुली खर्चाच्या बाजूला या आणि वेतन, पाणी खरेदी, परिवहन अनुदान यांची बेरीज घरपट्टी, पाणीपट्टी आणि जीएसटी भरपाईच्या बेरजेशी लावून बघा. तूट निघाली तर ती कुठल्या पैशाने भरली, हे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला नाव-आकड्यासह लेखी विचारा.